कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरात कोणी भांडणतंट्याची गोष्ट काढली, की वडीलधारी माणसे ही म्हण पुढे करतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु ही पायरी पूर्वी केवढी होती, ती कोणी बांधली, ती उतरती करण्याचे प्रयत्न कोणी व केव्हा केले, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा पाककृती व भरतकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत असे पाहून मी हा विषय घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचली, आणि जेथे अडले तेथे आमच्या शेजारी राहणाऱ्या, कोर्टात शिरस्तेदार म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या काकांना विचारले. फौजदारीचा, म्हणजे चोरीमारीचा विषय येथे बहुतेक नाही. पैसा, घर, जमीन, वारसा, नवराबायकोचे वाद, अशा दिवाणी कामांचीच ही हकीकत आहे.

पेशवाईत आजच्यासारखी जागोजाग कोर्टे नव्हती. गावचा तंटा पाटलाने मिटवावा, न मिटल्यास पंचायत नेमावी, वतनाचा वाद असल्यास गोतसभा बसावी, अशी रीत होती. दोन्ही पक्षांकडून पंचायतीचा निकाल मान्य करू म्हणून आधी राजीनामा लिहून घेत. राजीनामा या शब्दाचा तेव्हाचा अर्थ राजीखुशीने दिलेली कबुली असा होता. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे जिंकला तरी खर्च, हरला तरी खर्च! साक्षीपुराव्याने खरेखोटे ठरेना तेव्हा दिव्य करावयास लावीत. कढत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, हात भाजला तर खोटा, न भाजला तर खरा. पुण्यात सर्वांच्या वर रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा निःस्पृह न्यायाधीश होता खरा, परंतु गावोगाव काही रामशास्त्री बसलेले नव्हते. पंचांना पगार नसे, त्यांना जमविणे कठीण जाई, आणि एखादा पक्ष हजरच झाला नाही तर पंचायत त्याला ओढून आणू शकत नसे. म्हणून सावकार आपला तगादा आपणच लावी. कुळाच्या दाराशी धरणे धरून बसावयाचे, घरातल्यांना बाहेर पडू द्यावयाचे नाही, असे प्रकार चालत. दारात धरणेकरी बसलेला असताना आतल्या बाईने पाणी कसे आणले असेल, याविषयी पुस्तकात काही लिहिलेले नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हा दख्खनचा कमिशनर झाला. त्याने १८१९ साली मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. पंचायतीचे सर्व दोष त्याने मांडले, आणि तरीही पंचायत मोडू नये, न्यायाचे मुख्य साधन तीच असावी असेच मत दिले. मला हे वाचून नवल वाटले, कारण जिंकणारा बहुधा सर्व जुने मोडावयास निघतो. परंतु झाले उलटेच. सरकारी कोर्टे बसताच लोक आपण होऊन तिकडे वळले आणि पंचायती ओस पडल्या. फुकट काम करून वैर पत्करावयास पंच तयार होईनात.

१८२७ साली मुंबई इलाख्यासाठी कायद्यांचा संच झाला, त्याला एल्फिन्स्टनचा कोड म्हणतात. त्यातील दुसऱ्या रेग्युलेशनने जिल्हा कोर्टे व त्यांच्या हाताखाली आपल्याकडील मुनसफ अशी रचना केली. जातीच्या भांडणात कोर्टाने पडू नये असेही त्यात सांगितले. कोणता कायदा लावावा याचा क्रम चौथ्या रेग्युलेशनमध्ये आहे: आधी सरकारी कायदा, तो नसल्यास देशाची वहिवाट, नंतर प्रतिवादीचा धर्मशास्त्राचा कायदा, आणि काहीच नसल्यास न्याय व सदसद्विवेक. आठवे रेग्युलेशन वारसाच्या दाखल्याचे. भगिनींनो, हे आठवे रेग्युलेशन अजून जिवंत आहे! आज कोणा घरचा कर्ता गेला व वारसदाखला काढावयाचा झाला, म्हणजे तालुक्याच्या कोर्टात जो अर्ज पडतो, तो बहुधा १८२७ च्या या आठव्या रेग्युलेशनखालीच. शिरस्तेदार काकांनी नमुन्याचा अर्ज दाखविला तेव्हाच माझा विश्वास बसला. अर्ज दिल्यावर कोर्ट जाहीरनामा काढते, कोणाची हरकत असल्यास ऐकते, आणि मग दाखला देते. बँकेतील ठेव किंवा येणे रक्कम वसूल करण्यासाठी मात्र १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे निराळा दाखला लागतो. दोन्हींची गल्लत होऊन हेलपाटे पडतात.

पुढे १८५९ साली सबंध देशासाठी दिवाणी कामकाजाचा पहिला कायदा झाला. दावा कसा लिहावा, समन्स कसे काढावे, साक्षी कशा घ्याव्या, हुकूमनामा कसा बजावावा, हे सर्व त्यात ठरविले. १८६२ साली मुंबईस हायकोर्ट झाले. १८६९ च्या मुंबई दिवाणी कोर्टांच्या कायद्याने जिल्हा न्यायाधीश आणि त्याच्या हाताखाली पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश अशी उतरंड लावून दिली. दुसऱ्या वर्गाच्या न्यायाधीशाने पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालवावे, त्यावरचे वरच्याने. ही उतरंड नावे बदलून आजही तशीच आहे. आता त्यांना कनिष्ठ स्तर व वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश म्हणतात.

कागदावर हे सर्व फार नेटके दिसते. रयतेच्या दारात मात्र त्याने काय आणले ते १८७५ साली दिसून आले.

त्या साली बारा मे रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, आणि ते लोण पुणे व नगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंग्यात माणसे मारण्याकडे लोकांचा रोख नव्हता. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे व कोर्टाचे हुकूमनामे सावकाराच्या घरातून बाहेर काढावयाचे आणि त्यांची होळी करावयाची. अडाणी म्हटलेल्या रयतेला आपले दुखणे नेमके कोठे आहे ते बरोबर ठाऊक होते.

हे दुखणे कसे वाढले ते थोडे सविस्तर सांगते, कारण या साऱ्या इतिहासातील खरी शिकवणूक मला येथेच वाटली. सरकारने १८५९ साली मुदतीचा कायदा केला. रोखा नोंदलेला नसेल तर तीन वर्षांत दावा लावला पाहिजे, नाहीतर तो बुडाला. जुनी पुराणी कर्जे उकरून काढून सावकाराने कुळाला पिळू नये असा त्यात हेतू. परंतु सावकाराने काय करावे? तीन वर्षे भरत आली की तो कुळाला बोलावी आणि म्हणे, नवा रोखा लिहून दे, नाहीतर दावा करतो. नव्या रोख्यात जुने मुद्दल, त्यावरचे व्याज, सर्व मिळून नवे मुद्दल होई आणि पुन्हा त्यावर व्याज चढू लागे. कुळाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यानेच कुळाच्या मानेभोवतीचा फास दर तीन वर्षांनी आवळला जाऊ लागला.

आणि कोर्टात काय होई? कोर्ट रोखा पाही. सही किंवा निशाणी आहे ना, मग रक्कम खरी. मुळात किती घेतले होते, किती फेडले, हे विचारण्याची पद्धतच नव्हती. कित्येकदा कूळ हजरच होत नसे. कोर्ट लांब, पेरणीचे दिवस, वाटखर्चाला पैसा नाही, वकील द्यावयाची ऐपत नाही, आणि गेलो तरी निशाणी माझी नाही असे म्हणता येणार नाही. तेव्हा एकतर्फी हुकूमनामे होत. मग त्या हुकूमनाम्याच्या जोरावर जप्ती, जमिनीचा लिलाव, आणि काही बाकी राहिलीच तर कुळाला दिवाणी तुरुंग. कापसाला अमेरिकेतील लढाईमुळे भाव आला होता, तो लढाई संपल्यावर पडला. सरकारने शेतसारा वाढविला. ही कारणे तर होतीच. पण आगीत तेल ओतले ते कोर्टाच्या कामकाजाच्या पद्धतीने, असे चौकशीस नेमलेल्या कमिशनलाही दिसून आले.

त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता तो प्रथम लागू झाला. मला हा कायदा फार आवडला. तो करणाऱ्यांनी एकदा तरी कुळाच्या जागी उभे राहून पाहिले असावे असे वाटते. दावा लावावयाचा तर कूळ जेथे राहते तेथल्याच कोर्टात लावावा, दुसरीकडे नाही. न्यायाधीशाने प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घ्यावी. रोख्यावर न थांबता त्याच्या मागे जावे, पहिल्यापासूनचा हिशेब करावा, व्याजाचे मुद्दल करू देऊ नये. रक्कम हप्त्याने फेडू द्यावी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करू नये. दहा रुपयांपर्यंतचे तंटे गावातच गावमुनसफाने तोडावे. दावा करण्यापूर्वी सलोखा करून देणाऱ्या माणसापुढे जावे, तेथे जमले नाही असा दाखला मिळाल्यावरच कोर्टात यावे. शंभर रुपयांपर्यंतच्या कामात वकील नसावा. प्रत्येक भरण्याची पावती कुळाला मिळावी. रोखे गावच्या नोंदणी कामगारापुढे लिहिले जावे, म्हणजे काय लिहिले आहे ते कुळाला वाचून दाखविले जाईल.

या कायद्याखालील कोर्टांची तपासणी करण्याच्या कामावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे १८८१ नंतर काही वर्षे, आणि पुढे स्पेशल जज्ज म्हणून १८८७ पासून १८९३ साली हायकोर्टात जाईपर्यंत होते. गावोगाव हिंडून दुय्यम न्यायाधीशांचे निकाल तपासावयाचे, हिशेब बरोबर केला की नाही ते पाहावयाचे. रमाबाई रानडे या फिरतीवर त्यांच्याबरोबर असत. त्यांचे आठवणींचे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचले असेल. नसेल वाचले तर जरूर वाचावे.

रानड्यांच्या आधी पुण्यात आणखी एक प्रयोग झाला होता. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या पुढाकाराने लवाद कोर्टे निघाली. दोन्ही पक्षांनी राजीखुशीने यावे, जाणत्या माणसांनी तंटा तोडावा, कोर्टाचा खर्च वाचावा. आज लोकअदालत म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याची ही जुनी बहीणच म्हणावयाची.

१८७९ च्या कायद्याने सर्व काही सुधारले असे मात्र नाही. सावकारही काही झोपलेले नव्हते. गहाण लिहून घेतले तर कोर्ट हिशेब तपासते, म्हणून ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देईन असे तोंडी वचन देऊ लागले. तोंडी वचनाला कोर्टात कोण विचारतो? पुढे कायद्यात दुरुस्ती करून खरेदीखताच्याही मागे जाण्याची मुभा कोर्टाला द्यावी लागली. सलोखा करून देणाऱ्यांपैकीही कित्येकजण सावकाराच्याच बैठकीतले निघाले, आणि शेवटी ती सलोख्याची व्यवस्था बंद पडली. चांगला नियम आणि त्याला चुकविणारी पळवाट यांची शिवाशिवी तेव्हाही अशीच चालू होती.

आता आपल्या बायकांकडे वळते.

रखमाबाईंचे नाव आपण ऐकलेले आहे. लहानपणी अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले होते, आणि त्या पतीकडे नांदावयास गेल्या नाहीत. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशाने, पिन्हे यांनी, १८८५ साली दावा काढून टाकला. अपिलात तो पुन्हा सुनावणीसाठी परत आला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये हुकूम झाला की रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंग भोगावा. त्यांनी तुरुंग पत्करीन, पण जाणार नाही, असे ठरविले. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. १८८९ साली त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. हे सर्व प्रसिद्धच आहे. पण तुरुंगाची ती शिक्षा कोणत्या धर्मशास्त्रात होती? कोठेच नव्हती. ती होती दिवाणी कामकाजाच्या कायद्यात, हुकूमनाम्याच्या बजावणीच्या कलमात. त्या काळच्या वर्तमानपत्रांत धर्म बुडाला, धर्म राखा, असा गदारोळ झाला, पण बाईला तुरुंगात घालू पाहणारे कलम विलायतेच्या पद्धतीवरून घेतलेले होते, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे. हे कलम बदलावयास पुढे १९२३ साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने नांदावयास जाण्याच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंग देण्याची तरतूद काढून टाकली.

पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करावयाची नाही, असा नियम मात्र त्याआधी १८८८ सालीच झाला होता. १९०८ साली दिवाणी कामकाजाचा जो कायदा झाला, व जो पुष्कळ दुरुस्त्यांसह आजही चालू आहे, त्यात छप्पन्नावे कलम हेच सांगते. साठावे कलम जप्तीत काय घेता येत नाही त्याचे आहे. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नये असे दागिने, म्हणजे आपले मंगळसूत्र. हे कलम मी वाचले तेव्हा घरातली एक जुनी गोष्ट मला उलगडली.

आमच्या आजेसासूबाईंना चाळिशीच्या आत वैधव्य आले. त्यांच्या यजमानांचे तालुक्याच्या गावी लहानसे किराणा दुकान होते आणि एका घाऊक व्यापाऱ्याचे देणे राहिले होते. यजमान गेल्यावर त्या व्यापाऱ्याने वारस म्हणून सासूबाईंवर दावा लावला. ही गोष्ट १९६० नंतरची. सासूबाईंना या दाव्याचा पत्ता नव्हता. त्या माहेरी बाळंतिणीच्या मदतीला गेल्या होत्या, आणि बेलिफ आला तेव्हा घरात त्यांचे थोरले दीर होते. समन्स त्यांनी घेतले. घरच्या अब्रूचा प्रश्न, विधवा भावजयीला कोर्टाचे काय सांगावयाचे, आपणच पुढे कधी व्यापाऱ्याशी बोलून पाहू, असा विचार करून त्यांनी ते कपाटात ठेवले आणि ते तेथेच राहिले. एकतर्फी हुकूमनामा झाला. सासूबाईंना कळले ते जप्ती दारात आली तेव्हा. दुकानातील तराजू, लाकडी कपाटे, शिल्लक माल, सर्व गेले. वकिलांना विचारले तर त्यांनी सांगितले, समन्स कायद्याप्रमाणे बजावले गेले आहे, आणि निकाल रद्द करून मागण्याची तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटली आहे.

कायद्याप्रमाणे ते बजावले गेले होते हे खरेच होते. १९०८ च्या कायद्याच्या मूळ नियमात असे होते, की ज्याच्यावर दावा आहे तो माणूस सापडला नाही तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान पुरुषाच्या हाती समन्स द्यावे. सज्ञान पुरुषाच्या! त्या दिवशी घरात आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या सासूबाई, म्हणजे त्या दिरांच्या पत्नी, होत्या. त्यांना लिहितावाचता येत होते, जावेशी त्यांचे बहिणीसारखे होते, आणि समन्स त्यांच्या हाती पडते तर दुसऱ्या दिवशी ते माहेरच्या गावी पोचते असे त्या शेवटपर्यंत म्हणत. परंतु बेलिफाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही, आणि नियमाप्रमाणे पाहण्याचे कारणही नव्हते. तीन मुलांच्या शाळेचे काय झाले ते मी लिहीत नाही. धाकटे, म्हणजे माझे मामंजी, चौथीतून दुकानात नोकरीला लागले एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सासूबाई म्हणत, बेलिफ मोठा भला माणूस होता हो, त्याने माझ्या चुलीजवळच्या भांड्यांना हात लावला नाही. तो भला असेलही. पण भांड्यांना हात न लावण्याचे कारण साठावे कलम होते, हे त्यांना कधी कळले नाही.

तो सज्ञान पुरुषाचा नियम १९७६ च्या दुरुस्तीने बदलला. आता कुटुंबातील सज्ञान व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, समन्स घेऊ शकते. केवढा साधा बदल! दोनचार शब्दांचा. १९०८ पासून तो करावयास जवळजवळ सत्तर वर्षे लागली. याच दुरुस्तीने घरगुती वादांसाठी निराळा अध्याय घातला, आणि कोर्टाने अशा कामात आधी समेटाचा प्रयत्न करावा असे सांगितले. गरीब वादीला ‘पॉपर’ म्हणजे भिकारी म्हणत असत, तो शब्दही तेव्हा गेला.

दुसरी मोठी गोष्ट कोर्टाच्या हद्दीची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अर्ज कोठे करावयाचा? जेथे लग्न लागले तेथे, जेथे समोरचा पक्ष राहतो तेथे, किंवा जेथे दोघे शेवटचे एकत्र राहिले तेथे. आता मुलगी नांदावयास परजिल्ह्यात गेली, लग्नही सासरच्या गावी लागले, आणि पुढे बिनसून ती माहेरी आली, तर प्रत्येक तारखेला तिने सासरच्या गावी जावे. बरोबर भाऊ किंवा वडील, दोघांचे मोटारभाडे, मुक्कामाची पंचाईत, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात सासरची दहा माणसे उभी. कित्येकजणींनी अर्ज केलेच नाहीत याचे यात काय नवल? पोटगीच्या बाबतीत १९७३ च्या फौजदारी संहितेने बायको जेथे राहते तेथे अर्ज करण्याची सोय दिली होती, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. परंतु विवाहाच्या दिवाणी अर्जाला ही सोय मिळावयास डिसेंबर २००३ उजाडला. तेव्हापासून पत्नीला ती राहते तेथल्या कोर्टात अर्ज करता येतो. १८७९ साली कुळाला जे मिळाले, म्हणजे त्याच्या गावचे कोर्ट, ते लग्न झालेल्या मुलीला सव्वाशे वर्षांनी मिळाले असा हा हिशेब आहे.

कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ चा. आपल्या राज्यात पुणे व मुंबई येथे १९८९ साली ही न्यायालये सुरू झाली. तेथे समुपदेशक असतात, पुराव्याचे कडक नियम सैल केलेले असतात, आणि वकील देणे हा पक्षकाराचा हक्क धरलेला नाही, कोर्टाने परवानगी दिली तरच वकील येतो. ही शेवटची गोष्ट वाचून मला १८७९ मधील शंभर रुपयांखालच्या कामांची आठवण झाली. प्रत्यक्षात मात्र बहुतेक कामांत वकील असतातच, आणि ते नसावेत असे मी म्हणणार नाही. न्यायाधीशापुढे उभे राहून आपले गाऱ्हाणे क्रमवार सांगणे सोपे नसते. आपल्या मंडळाच्या सभेतसुद्धा हिशेब सांगताना आपली जीभ अडखळते.

खर्चाचे म्हणाल, तर १ ऑक्टोबर १९९४ च्या सरकारी हुकमाने महाराष्ट्रात स्त्रियांना पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार व घटस्फोट या कामांत कोर्ट फी माफ झाली. मालमत्तेच्या वादाचा अर्थ मात्र कोर्टे बहुधा घरसंसाराशी जोडलेला वाद असा आखूड घेतात, म्हणून प्रत्येक जागेच्या भांडणात फी माफ होईल असे धरून चालू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना फुकट वकील मिळतो. हा कायदा अमलात आला १९९५ च्या नोव्हेंबरात. त्यात स्त्रीचे उत्पन्न किती हे पाहत नाहीत. पुष्कळ भगिनींना वाटते की हे दारिद्र्यरेषेखालच्यांसाठीच आहे. तसे नाही. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तेथे अर्ज द्यावयाचा.

शेताचा बांध, वहिवाटीची वाट, ओढ्याचे पाणी अडविले, अशी तक्रार असल्यास दिवाणी कोर्टापर्यंत जाण्याचीही प्रत्येक वेळी गरज नसते. १९०६ चा मामलेदार कोर्टांचा कायदा अजून चालू आहे. सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा द्यावा लागतो. सहा महिने गेले की गेले. खेड्यातून येणाऱ्या आपल्या सभासदांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण गावात समजूत काढता काढता वर्ष निघून जाते.

आता उशिराविषयी. २००२ च्या जुलैपासून मोठी दुरुस्ती अमलात आली. प्रतिवादीने तीस दिवसांत कैफियत द्यावी, कोर्टाने वाढवून दिले तरी नव्वद दिवसांच्या आत. एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या मिळू नयेत. सरतपासणी तोंडी न घेता शपथपत्रावर घ्यावी. समेट होण्यासारखा दिसला तर कोर्टाने पक्षकारांना लवाद, लोकअदालत किंवा मध्यस्थीकडे पाठवावे. हे नियम येणार म्हणताच वकीलमंडळींनी देशभर विरोध केला होता. पुढे सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितले की नव्वद दिवसांचा नियम अगदीच लोखंडी समजू नये, खरोखर अडचण असेल तर सवलत द्यावी. मला दोन्ही बाजू पटतात. आमच्या सासूबाईंसारखीला तीस दिवसांची मुदत लोखंडी ठरली होती. आणि मुदत सैल केली की ज्याला वेळ काढावयाचा आहे तोच तिचा फायदा घेतो. तीन तहकुब्यांचा नियम मात्र कोर्टाच्या आवारात कोणाला विचारून पाहावा, लोक हसतात.

भाषेचेही सांगितले पाहिजे. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या कोर्टांची भाषा मराठी असावी असा सरकारी हुकूम १९९८ साली निघाला. तरीही पुष्कळ निकालपत्रे इंग्रजीतच येतात, आणि आपल्याच घराचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. माझ्या मते रोखा कुळाला वाचून दाखवावा हा १८७९ चा नियम निकालपत्रालाही लावावा.

दाव्याच्या रकमेच्या मर्यादाही वाढत गेल्या. १८६९ साली खालच्या दिवाणी न्यायाधीशाकडे पाच हजारांपर्यंतचे दावे जात, आता पाच लाखांपर्यंत जातात. मुंबईत शहर दिवाणी न्यायालय १९४८ साली स्थापन झाले तेव्हा त्याची मर्यादा दहा हजार रुपये होती. २०१२ साली ती एक कोटी केली, आणि २०२४ च्या जानेवारीपासून दहा कोटी आहे. मुंबईतील साधी खोलीसुद्धा आता एवढ्या किंमतीला पोचली आहे, की मर्यादा न वाढवावी तर प्रत्येक खोलीचे भांडण हायकोर्टात जावयाचे. २००८ चा ग्रामन्यायालयांचा कायदाही आहे, त्यातील न्यायाधिकाऱ्याने गावोगाव जाऊन काम चालवावे अशी योजना आहे. रानड्यांच्या फिरतीसारखीच ही कल्पना, पण अशी न्यायालये अजून थोडी आहेत.

आणखी एक सोय थोड्या वर्षांत झाली आहे. आपल्या दाव्याची पुढील तारीख कोणती, मागील तारखेस काय झाले, हे आता मोबाईलवर पाहता येते. प्रत्येक दाव्याला एक सोळा अक्षरी-आकडी नंबर असतो, तो घातला की सर्व दिसते. तो नंबर वकिलाकडून मागून घ्यावा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवावा. ज्यांना मोबाईलवर पाहणे जमत नाही त्यांनी गुरुवारच्या सभेला नंबर घेऊन यावे, आमच्या धाकट्या सूनबाई पाहून देतील.